शेकडा एक : पुरुषांमधील स्तनकर्करोगाचा इतिहास

रोगाच्या नावातच रोगी कोण हे पुष्कळदा ठरून गेलेले असते, आणि ते एकदा ठरले की नावाबाहेर राहिलेल्या माणसाला स्वतःचा आजार ओळखायला उशीर होतो. स्तनकर्करोग हे अशा नावाचे ठळक उदाहरण आहे. मराठीच्या रोजच्या व्यवहारात ‘स्तन’ हा शब्द स्त्रीच्या शरीरापुरता राखलेला आहे. पुरुषाला असते ती छाती, आणि तिच्यावर गाठ आली तर ती मुका मार लागल्याची किंवा चरबीची समजून अंगावर काढली जाते. शरीररचना मात्र हा भेद इतक्या काटेकोरपणे पाळत नाही. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास काखेपासून जांघेपर्यंत त्वचेची एक जाडसर रेषा उमटते, जिला दुग्धरेषा म्हणतात, आणि ती मुलगा व मुलगी या दोन्ही गर्भांत सारखीच असते. पुढे वयात येताना मुलींच्या दुग्धनलिकांना फांद्या फुटून त्यांच्या टोकांशी दूध तयार करणाऱ्या खंडिका येतात, तर मुलांमध्ये बोंडामागे मोजक्या नलिका आणि थोडा मेद एवढेच उरते. हा कर्करोग बहुतेक वेळा नलिकांच्या अस्तरात सुरू होतो आणि नलिका पुरुषालाही असतात, म्हणून स्तनकर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष आढळतो. या शेकडा एकाला स्वतःचे असे वैद्यक जवळजवळ कधीच लाभले नाही. स्त्रियांसाठी घडलेले वैद्यक त्याने उसने घेतले, ते कधी अंगाला बसले, कधी बसले नाही, आणि मोजक्या प्रसंगी त्याने ते व्याजासह परतही केले.

या इतिहासाचे पहिले पान प्राचीन इजिप्तमधले आहे, आणि ते पानच वादग्रस्त आहे. १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकी संग्राहकाने लक्सर येथे विकत घेतलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाची गुंडाळी, इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास लिहिलेली असून तिच्यातील मजकूर त्याहूनही बराच जुना मानला जातो. शिकागोचे इजिप्तविद्यापंडित जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये तिचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा डोक्यापासून खाली येणाऱ्या क्रमाने मांडलेली ४८ प्रकरणे जगापुढे आली. त्यांतील पंचेचाळिसाव्या प्रकरणात छातीवरच्या फुगीर गाठींचे वर्णन आहे. या गाठी हाताला गार लागतात, त्यांत पू किंवा पाणी नसते, आणि त्यांवर उपचार नाही असा निर्वाळा लेखक देतो. वर्णनातला रुग्ण व्याकरणाने पुल्लिंगी असल्यामुळे अनेक वैद्यकीय लेखांत ही पुरुषाच्या स्तनकर्करोगाची जगातील पहिली नोंद म्हणून सांगितली जाते. परंतु संपूर्ण ग्रंथच ‘अमुक लक्षण असलेला माणूस’ अशा साच्यात लिहिलेला आहे, आणि त्या साच्यातला ‘माणूस’ म्हणजे पुरुषच की कोणीही मनुष्य, हे केवळ व्याकरणावरून ठरत नाही. येथे पुल्लिंग सर्वांसाठी वापरले गेले असावे आणि त्यामुळे स्त्री दिसेनाशी झाली असावी. पुढच्या साडेतीन हजार वर्षांत याच रोगाच्या बाबतीत नेमके उलट घडले.

तसे घडण्याची पायाभरणी प्राचीन वैद्यकाच्या सिद्धांतांनी केली. ग्रीक वैद्यांनी खेकड्याच्या पायांसारख्या फाकलेल्या शिरांवरून या रोगाला ‘कार्किनोस’ म्हटले, लॅटिनमध्ये त्याचे ‘कॅन्सर’ झाले आणि आधुनिक मराठीने त्याच धर्तीवर ‘कर्करोग’ हा शब्द स्वीकारला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने शरीरात काळे पित्त साचल्याने हा रोग होतो असे मानले आणि मासिक पाळीवाटे ते पित्त बाहेर पडते, म्हणून पाळी बंद झालेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो, अशी त्याची संगती लावली. ज्याला पाळीच नाही अशा पुरुषाला या उपपत्तीत जागा नव्हती. भारतीय परंपरेतही सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचा विचार गर्भिणी व प्रसूत स्त्रियांच्या संदर्भात येतो आणि कुमारिकांच्या स्तनांतील वाहिन्यांची मुखे बंद असल्यामुळे त्यांना हे रोग होत नाहीत असे सांगितले जाते. म्हणजे रोग जडायला दुधाची वाट उघडी असावी लागते, असा हा विचार आहे. पुरुषाच्या छातीवरची गाठ या चौकटीत आली तर ती शरीरात कोठेही होणाऱ्या ‘अर्बुद’ या सर्वसाधारण प्रकारात जाणार, हे ओघानेच आले. दोन्ही परंपरा आपापल्या तर्काला धरून होत्या. मात्र दोन्हींनी रोगाचे मूळ स्तनाच्या कार्यात शोधले, आणि पुरुषाच्या स्तनाला कार्य नसल्याने तो विचाराबाहेर राहिला.

प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्या शल्यवैद्यांना मात्र तो अधूनमधून भेटत होता. इंग्लंडमधील न्यूअर्क येथे चौदाव्या शतकात व्यवसाय करणारे आणि भगंदराच्या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले जॉन ऑफ आर्डर्न यांच्या लिखाणात पुरुषाच्या स्तनकर्करोगाचे वर्णन आहे आणि ते सामान्यतः या रोगाचे पहिले निःसंदिग्ध वर्णन मानले जाते. पुढे फ्रान्सचे आंब्रोज पारे, जर्मन शल्यवैद्य फाब्रिशियस हिल्डानुस अशा सोळाव्या-सतराव्या शतकांतील शल्यवैद्यांच्या नोंदींतही तो दिसतो. या नोंदी विखुरलेल्या राहिल्या, कारण एका शल्यवैद्याच्या हयातीत असे एक-दोनच रुग्ण येत, आणि एक-दोन रुग्णांवरून नियम बांधता येत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात वैद्यकीय नियतकालिके वाढली, तेव्हा वेगवेगळ्या गावांतील तुरळक नोंदी एकत्र करून त्यांची कोष्टके मांडण्याची प्रथा पडली, आणि पुरुषांतील स्तनकर्करोगाचे ज्ञान पुढची शंभर वर्षे याच गोळाबेरजेच्या पद्धतीने वाढत गेले. १९२७ साली अमेरिकी शल्यवैद्य जोनाथन वेनराइट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तोवरचे चारशेहून अधिक रुग्ण एकत्र आले, आणि त्या काळात ती फार मोठी संख्या होती.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत पुरुषाने स्त्रीसाठी पडलेला पायंडा जसाच्या तसा उचलला. बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या समूळ स्तनोच्छेदनात स्तनाबरोबर त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातील लसद्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी, एकाच पट्ट्यात काढल्या जात, आणि ही शस्त्रक्रिया अर्धशतकाहून अधिक काळ पुरुषांवरही होत राहिली. पुरुषांमध्ये तिला एक शारीरिक कारणही होते. स्त्रीच्या स्तनात गाठीभोवती पुष्कळ ऊती असतात. पुरुषात गाठ बहुधा बोंडाच्या मागेच असते आणि तिच्यापासून वर त्वचा व खाली स्नायू अगदी जवळ असतात, त्यामुळे बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, त्वचेवर व्रण पडणे या गोष्टी लवकर घडतात. वास्तविक इतक्या उथळ जागची गाठ लवकर हाताला लागायला हवी, परंतु ती कशाची असू शकते हे ठाऊक नसल्याने दवाखाना गाठेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असे. १९७० नंतर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चालवलेल्या मोठ्या चाचण्यांनी स्तन वाचवूनही रोग आटोक्यात ठेवता येतो हे सिद्ध केले, पण त्या चाचण्या स्त्रियांच्या होत्या, आणि पुरुषाला वाचवण्यासारखा स्तन असतो हा विचार त्यानंतरही कित्येक वर्षे रुजला नाही.

उसनवारीची दिशा पहिल्यांदा बदलली ती संप्रेरकांच्या प्रश्नावर. संप्रेरके म्हणजे ग्रंथींत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांचे कार्य चालवणारी द्रव्ये. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, अंडाशय काढल्यावर स्त्रियांच्या पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या गाठी काही वेळा आकसतात, असे दाखवून दिले होते. १९४१ साली शिकागोचे चार्ल्स हगिन्झ यांनी वृषण काढल्यास प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ओसरतो हे दाखवले, ज्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लगेच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील जोसेफ फॅरो व फ्रँक अडेअर यांनी हाडांत पसरलेल्या पुरुष स्तनकर्करोगावर वृषणोच्छेदनाचा गुणकारी परिणाम नोंदवला. त्यानंतर तीसेक वर्षे रोग पसरलेल्या पुरुषाला सर्वप्रथम हीच शस्त्रक्रिया सुचवली जाई. तिचा गुण येत असला तरी ती पत्करणे किती जणांना जड गेले असेल याची कल्पना करता येते, कारण छातीतल्या आजारामुळे आधीच अवघडलेल्या पुरुषाकडून ती त्याच्या पुरुषपणाची उघड खूण मागत होती.

हा उपाय का चालतो, याचे उत्तर मिळाल्यावर रोगाच्या नावातील विसंगती आणखी उठून दिसली. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला व्यवहारात स्त्रीसंप्रेरक म्हणत असले तरी ते पुरुषाच्या रक्तातही असते. त्याचा काही भाग वृषणांत तयार होतो आणि बराचसा भाग मेदातील अॅरोमाटेज या विकराच्या साहाय्याने टेस्टोस्टेरॉनपासून बनतो, तर त्याचा निचरा मुख्यतः यकृतात होतो. तेव्हा या तोलात बिघाड करणारी प्रत्येक अवस्था पुरुषाचा धोका वाढवते. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या आणि १९५९ मध्ये पेट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांनी एका जादा एक्स गुणसूत्रामुळे होते असे दाखवलेल्या अवस्थेत वृषण लहान राहतात आणि अशा पुरुषांना स्तनकर्करोगाचा धोका इतर पुरुषांच्या कितीतरी पट असतो. ज्या इजिप्तमध्ये पहिली नोंद शोधली जाते त्याच देशात विसाव्या शतकाच्या मध्यास पुरुष रुग्णांचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले. नाईलच्या कालव्यांत उभे राहून शेती करणाऱ्यांच्या अंगात शिरणाऱ्या कृमींमुळे जो बिल्हार्झिया होतो, त्यात यकृत निकामी होत जाते आणि इस्ट्रोजेनचा निचरा मंदावतो, असे त्याचे स्पष्टीकरण १९६० च्या दशकात तेथील संशोधकांनी पुढे ठेवले.

इस्ट्रोजेनला पेशीतील त्याच्या जागेवर बसू न देणारे टॅमॉक्सिफेन हे औषध ब्रिटनमधील आय.सी.आय. कंपनीत १९६२ मध्ये प्रथम तयार झाले आणि अमेरिकेत १९७७ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तेव्हा वृषणोच्छेदनाची वेळ बहुतेक पुरुषांवर येईनाशी झाली. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून स्त्रियांना हे औषध देण्याचा लाभ हजारोंच्या चाचण्यांनी सिद्ध झाला. पुरुषांसाठी बराच काळ आधार होता तो मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमधील एका अभ्यासाचा, जो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्यात अवघे ३९ पुरुष होते. औषध घेणाऱ्यांपैकी पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ६१ टक्के निघाले, तर त्याच रुग्णालयातील आधीच्या, औषध न मिळालेल्या पुरुषांमध्ये ते ४४ टक्के होते. पुढे स्त्रियांसाठी अॅरोमाटेज विकर रोखणारी नवी औषधे आली आणि तीही पुरुषांना देऊन पाहण्यात आली, पण येथे उसने कापड अंगाला बसले नाही. पाळी गेलेल्या स्त्रीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन येणे थांबलेले असते. पुरुषाचे वृषण उतारवयातही चालू असतात आणि रक्तातील इस्ट्रोजेन घटले की मेंदूतील पोषग्रंथी त्यांना अधिक काम करायला लावते. म्हणून पुरुषाला ही औषधे द्यायची तर वृषणांचे काम थांबवणारे औषध जोडीला द्यावे लागते, आणि अशी जोडी जर्मनीतील एका यादृच्छिक चाचणीने, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळावे हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवणाऱ्या चाचणीने, तपासली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पन्नासच्या आसपासच पुरुष होते, तरीही या रोगाच्या इतिहासात तिचे स्थान दुर्मीळ आहे.

स्त्रीवैद्यकाचे ऋण पुरुषांनी फेडले ते आनुवंशिकतेच्या क्षेत्रात. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये आनुवंशिक स्तनकर्करोगाचा संबंध सतराव्या गुणसूत्राशी जोडला आणि १९९४ मध्ये तेथील बीआरसीए-१ हे जनुक हाती आले. परंतु ज्या कुटुंबांत पुरुषांनाही स्तनकर्करोग झाला होता त्यांचा माग या जनुकापर्यंत पोचत नव्हता, आणि मायकेल स्ट्रॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे दाखवून दिल्यावर दुसरे जनुक असलेच पाहिजे हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी ते तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९५ च्या अखेरीस बीआरसीए-२ सापडले. आइसलँडच्या अल्प आणि दीर्घकाळ एकमेकांत मिसळलेल्या लोकसंख्येत या जनुकातील एकच जुना बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला असून, तेथील स्तनकर्करोग झालेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत तो आढळला. बीआरसीए-२ मधील बिघाड असलेल्या पुरुषाला आयुष्यात हा रोग होण्याची शक्यता शेकडा सहा-सात इतकी असते, जी सर्वसाधारण पुरुषाच्या तुलनेत खूपच मोठी आहे. त्याहून महत्त्वाचे असे की हा बिघाड बापाकडून मुलीकडे तितक्याच सहजतेने जातो जितका आईकडून, त्यामुळे रुग्ण स्त्रीची चौकशी करताना आई, मावशी आणि आजी यांच्यापाशीच थांबणारी जुनी पद्धत अपुरी ठरली आणि वडील, काका, आत्या यांची बाजूही विचारली जाऊ लागली.

रोग्याला कायद्याने ओळखावे यासाठीचा झगडा याहून अलीकडचा आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गरीब स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००० च्या कायद्याने त्या कार्यक्रमात रोग सापडलेल्यांना सरकारी वैद्यकीय विम्याची वाट मोकळी झाली. तपासणीच स्त्रियांपुरती असल्याने पुरुषाला त्या वाटेने जाता येईना, आणि २०११ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एका तरुणाचा अर्ज याच कारणाने नाकारला गेला तेव्हा ही त्रुटी वृत्तपत्रांत गाजली. उत्तर कॅरोलायनातील कॅम्प लजून या मरीन सैन्यतळाचा प्रसंग याहून गंभीर होता. तेथील पिण्याच्या पाण्यात १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कपड्यांची कोरडी धुलाई आणि यंत्रांची स्वच्छता यांसाठी वापरली जाणारी द्रावणे व बेंझीन मिसळले होते, आणि त्या तळावर राहिलेल्या ऐंशीहून अधिक पुरुषांनी आपल्याला स्तनकर्करोग झाल्याचे पुढे येऊन सांगितले. इतका दुर्मीळ रोग एका ठिकाणाशी जोडलेल्या इतक्या पुरुषांत दिसल्याने पाण्याच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले. २०१२ मध्ये झालेल्या कायद्याने तेथील सैनिक व कुटुंबीयांच्या ज्या १५ विकारांच्या उपचारांची सोय केली त्यांत स्तनकर्करोगाचा समावेश आहे.

जाहीर बोलण्याचा संकोच हळूहळू कमी झाला तो काही प्रसिद्ध पुरुषांमुळे. लोकांच्या मतांनी अमेरिकी सिनेटवर निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य एडवर्ड ब्रूक यांना २००२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, हा रोग झाल्याचे कळले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ते उघडपणे सांगून इतर पुरुषांना तपासणीचे आवाहन केले. १९९२ पासून गुलाबी फीत या आजाराची खूण झाली होती, आणि त्या खुणेने स्त्रियांना दिलेले बळ निर्विवाद असले तरी पुरुषाला ती परक्या घराच्या पाटीसारखी वाटत होती. दरम्यान रुग्णसंख्याही वाढत होती. अमेरिकेतील नोंदणीनुसार १९७३ ते १९९८ या काळात हे प्रमाण दर एक लाख पुरुषांमागे ०.८६ वरून १.०८ वर गेले.

विखुरलेल्या रुग्णांना एकत्र आणण्याचे जे काम एकोणिसाव्या शतकात कोष्टकांनी केले ते एकविसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय गटांनी हाती घेतले. १९९० ते २०१० या काळात निदान झालेल्या १,४८३ पुरुषांचा अशा गटाने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ९९ टक्के गाठी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या आढळल्या, म्हणजे ज्याला स्त्रीसंप्रेरक म्हणतात त्याच्याशी या रोगाचे नाते स्त्रियांपेक्षाही पुरुषांत घट्ट निघाले. तरीही त्यांतील सुमारे ७७ टक्क्यांनाच संप्रेरकविरोधी उपचार मिळाले होते आणि स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया जेमतेम ४ टक्क्यांची झाली होती. २०१९ मध्ये अमेरिकी औषधनियामक संस्थेने पाल्बोसिक्लिब या औषधाची मान्यता पुरुषांना लागू केली ती नव्या चाचणीवरून नव्हे, तर रुग्णालयांच्या दप्तरी असलेल्या पुरुषांच्या नोंदींवरून, आणि त्यापाठोपाठ पुरुषांना स्तनकर्करोगाच्या चाचण्यांतून वगळू नये, वगळायचे तर शास्त्रीय कारण द्यावे, असे मार्गदर्शन औषध कंपन्यांना केले.

भारतात या शेकडा एकाची मोजणी मुंबईपासून सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी व्यवस्था, उभारली आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी तशी पहिली नोंदणी सुरू झाली. अशा नोंदवह्या रोगाला नावाने नव्हे तर जागतिक वर्गीकरणातील क्रमांकाने ओळखतात, आणि त्या क्रमांकांतही या रोगाचा अवघा प्रश्न सामावलेला आहे. १९७५ मध्ये ठरलेल्या नवव्या आवृत्तीत स्त्रीच्या स्तनाच्या कर्करोगाला १७४ आणि पुरुषाच्या स्तनाच्या कर्करोगाला १७५ असे वेगळे क्रमांक होते. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत दोघेही सी-५० या एकाच क्रमांकाखाली आले. वेगळ्या क्रमांकाने पुरुष रुग्ण निदान डोळ्यांत भरत होता, आणि एका क्रमांकाने त्याचा रोग तोच आहे हे मान्य झाले. पुरुषाच्या स्तनकर्करोगाला या दोन्ही गोष्टींची गरज आहे, कारण त्याचा रोग स्त्रीच्या रोगाहून निराळा नाही आणि त्याचे शरीर मात्र निराळे आहे.